गरोदरपणातली रक्तप्रथिने कर्करोगाची खूण म्हणून कितपत भरवशाची?

परीक्षानळी (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात आमच्या प्रयोगशाळेच्या काउंटरवर बासष्ट वर्षांचे एक गृहस्थ अहवालाचा कागद हातात घेऊन आले. त्यांच्या मुलाने त्यांच्यासाठी सर्व तपासण्यांचे एक मोठे पॅकेज घेतले होते आणि त्यात 'कॅन्सर पॅनेल' या मथळ्याखाली बीटा एचसीजी, एएफपी, सीईए अशी नावे होती. त्यांनी आंतरजालावर शोध घेतला, तेव्हा पहिली तपासणी गरोदरपणाची असल्याचे त्यांना समजले. "माझी ही तपासणी कोणत्या आनंदात केली?" असे त्यांनी विचारले, तेव्हा आमच्या काउंटरवरच्या मुलीला हसू आवरेना. पण प्रश्न रास्त होता, आणि त्याचे नीट उत्तर काउंटरवर उभ्या उभ्या देता येण्यासारखे नव्हते, म्हणून हा धागा.

वारेच्या पेशी आणि कर्करोगाच्या पेशी यांच्यात वरवर पाहता बरेच साम्य आहे. दोन्ही झपाट्याने वाढतात, शेजारच्या ऊतींमध्ये घुसतात, रक्तवाहिन्या आपल्याकडे वळवून घेतात आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीला चकवतात. फरक इतकाच की वार ठरलेल्या मर्यादेत थांबते आणि नऊ महिन्यांनी बाहेर पडते. त्यामुळे गरोदरपणात आईच्या रक्तात जी खास प्रथिने दिसतात, ती कर्करोग्याच्या रक्तातही सापडतील का, हा प्रश्न शास्त्रज्ञांना पडणे स्वाभाविक होते. अर्बुदाच्या (गाठीच्या) पेशी बहकल्या की गर्भावस्थेनंतर मिटून ठेवलेली जनुके पुन्हा उघडतात, हे त्यामागचे कारण आज आपल्याला माहीत आहे.

या कल्पनेला पहिले भरघोस यश मिळाले ते एचसीजी या वारेत तयार होणाऱ्या संप्रेरकामुळे. बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक यांनी १९२७-२८ च्या सुमारास गरोदर स्त्रीची लघवी उंदराच्या अपक्व माद्यांना टोचून गरोदरपण ओळखण्याची पद्धत काढली, आणि द्राक्षगर्भ (वारेची द्राक्षांच्या घोसासारखी विकृत वाढ) किंवा कोरिओकार्सिनोमा (वारेच्या पेशींचा कर्करोग) असलेल्या स्त्रियांमध्ये हीच चाचणी फार तीव्र येते, हेही लवकरच ध्यानात आले. हे संप्रेरक दोन साखळ्यांचे असते. त्यातली अल्फा साखळी एलएच, एफएसएच आणि टीएसएच या पीयूष ग्रंथीच्या तिन्ही संप्रेरकांमध्ये जशीच्या तशी असल्यामुळे जुन्या चाचण्यांना एचसीजी कोणते आणि एलएच कोणते हे खात्रीने सांगता येत नसे. अमेरिकेत व्हायटुकायटिस, ब्राउनस्टीन आणि रॉस यांनी १९७२ मध्ये केवळ बीटा साखळी पकडणारी चाचणी प्रसिद्ध केली आणि ती अडचण बरीचशी दूर झाली. आपण अहवालात 'बीटा एचसीजी' लिहितो ते त्यामुळेच.

एएफपीची गोष्ट उलट्या दिशेने आली. गर्भाच्या रक्तात हे प्रथिन १९५६ मध्ये दिसले होते. मॉस्कोच्या आबेलेव्ह यांना १९६३ मध्ये यकृताचे अर्बुद असलेल्या उंदरांत ते सापडले आणि १९६४ मध्ये तातारिनोव्ह यांनी यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांत ते दाखवले. गरोदर स्त्रीच्या तपासण्यांमध्ये त्याचा उपयोग सुरू झाला तो नंतर, म्हणजे १९७२ मध्ये गर्भाच्या मज्जारज्जूतील दोषाशी त्याचा संबंध जुळल्यावर.

ही दोन यशे पाहून १९७० च्या दशकात अशा प्रथिनांचा अक्षरशः सुकाळ झाला. एसपी-१, पीएपीपी-ए, वारेचे लॅक्टोजेन, वारेचे अल्कलाइन फॉस्फटेज, प्रेग्नन्सी झोन प्रोटीन, अशी यादी वाढतच गेली. त्यांतली बहुतेक आज कर्करोगाच्या तपासणीत कुठेही दिसत नाहीत. ती का गळाली आणि दोनच का टिकली, यावर चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

वाळुंज

उत्तम धागा. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, त्यामुळे एचसीजीचे मोल मला रोज दिसते, पण त्याची खोडही दिसते.

निवासी डॉक्टर असताना पाहिलेला एक प्रसंग सांगतो. साधारण साडेतीन महिन्यांची पाळी चुकलेली एक तरुणी रक्तस्राव होतो म्हणून आली. पोटावरून गर्भाशय पाच महिन्यांएवढे लागत होते आणि सोनोग्राफीत पडद्यावर हिमवर्षाव व्हावा तसे चित्र होते, म्हणजे द्राक्षगर्भाची शंका घ्यायला भरपूर जागा होती. पण लघवीच्या पट्टीवर दुसरी रेघ इतकी फिकी की ती आहे की नाही यावर आम्हा दोघांत वाद झाला. आमच्या वरिष्ठ बाईंनी काही न बोलता परीक्षानळीत त्याच लघवीचा एक भाग आणि सलाइनचे नव्व्याण्णव भाग घेतले, नळी हलवली आणि त्यातले तीन थेंब नव्या पट्टीवर टाकले. दोन मिनिटांत दुसरी रेघ गडद गुलाबी उमटली. पातळ केल्यावर चाचणी अधिक ठळक होते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

कारण असे की पट्टीतली चाचणी दोन प्रतिपिंडांच्या मध्ये संप्रेरक सँडविचसारखे धरते. संप्रेरकाचा महापूर आला की दोन्ही प्रतिपिंडे वेगवेगळ्या रेणूंनी अडवली जातात आणि सँडविच जमतच नाही. याला 'हूक इफेक्ट' म्हणतात. एखादा मार्कर, म्हणजे रोगाची खूण, चांगला आहे असे म्हणताना आपण प्रथिनाविषयी बोलत असतो, पण हातात येतो तो चाचणीचा आकडा, आणि या दोन गोष्टी एक नव्हेत.

अनुस्वार

माझा या क्षेत्राशी संबंध संख्याशास्त्रापुरता आहे. धागाकर्त्यांनी विचारलेल्या 'का गळाली' याचे अर्धे उत्तर माझ्या मते तुलना कोणाशी केली यात आहे.

जुन्या पद्धतीचा अभ्यास साधारण असा असे: एका बाजूला कर्करोग पसरलेले रुग्ण घ्यायचे, दुसऱ्या बाजूला रक्तपेढीतले धडधाकट तरुण दाते घ्यायचे, आणि दोन गटांच्या सरासरीत फरक दिसला की मार्कर सापडला असे जाहीर करायचे. पण दवाखान्यात डॉक्टरांपुढे हा पेच नसतोच. त्यांच्यासमोर पोटात गाठ असलेली बाई असते आणि ती गाठ साधी की कर्करोगाची, हे ठरवायचे असते. तेव्हा तुलनेच्या गटात साध्या गाठींचे, यकृताला सूज असलेले, धूम्रपान करणारे, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या, नुकत्याच बाळंत झालेल्या अशा सर्वांचा समावेश हवा. तो केला की अनेक प्रथिनांचा डौल तिथेच उतरतो.

प्रेग्नन्सी झोन प्रोटीनचे तसेच झाले. स्तनाच्या व इतर काही कर्करोगांत ते वाढते, असे सत्तरच्या दशकात दिसले होते. पण ते मुळात इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली वाढणारे प्रथिन आहे, गर्भनिरोधक गोळ्यांनीही वाढते, आणि निरोगी स्त्रियांमध्येही एकीच्या आणि दुसरीच्या पातळीत मोठी तफावत असते. मग रेघ मारायची कुठे?

परीक्षानळी

अनुस्वार यांच्या प्रतिसादाला जोडून वारेच्या अल्कलाइन फॉस्फटेजचे उदाहरण देतो, कारण ते मला फार आवडते. फिशमन आणि सहकाऱ्यांना १९६८ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या एका रुग्णात वारेतल्यासारखे विकर (एन्झाइम) सापडले. त्या रुग्णाच्या आडनावावरून त्याला रीगन आयसोएन्झाइम म्हणतात. सेमिनोमा या वृषणाच्या अर्बुदात ते बऱ्यापैकी वाढते, म्हणून त्याच्याकडून आशाही होती. पण धूम्रपान करणाऱ्या निरोगी माणसाच्या रक्तातही ते अनेक पटींनी वाढलेले असते. म्हणजे तरुण पुरुषाचा अहवाल हातात घेऊन आधी विचारायचे, 'सिगारेट ओढता का?', आणि तो 'हो' म्हणाला की तो आकडा जवळपास निरुपयोगी ठरतो. ऊतीचा तुकडा रंगवून पाहताना मात्र आजही पॅथॉलॉजिस्ट हे विकर वापरतात.

वारेच्या लॅक्टोजेनचेही तसेच आहे. ते रक्तातला मार्कर म्हणून मागे पडले, पण वार जिथे गर्भाशयाला चिकटते त्या जागेच्या पेशींपासून होणाऱ्या दुर्मीळ अर्बुदात ऊतीच्या काचपट्टीवर ते उठून दिसते, आणि नेमक्या त्याच अर्बुदात एचसीजी बेताचे असते. एकदा नापास झालेले प्रथिन दुसऱ्या परीक्षेत उपयोगी पडते ते असे.

कोयनाकाठ

एसपी-१ बद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून थोडी भर घालते. तातारिनोव्ह यांनीच १९७० मध्ये ते मांडले आणि जर्मनीत मारबुर्गला बोन यांनी लगोलग ते वेगळे काढले. गरोदरपणाच्या अखेरीस आईच्या रक्तात ते विपुल असते. कोरिओकार्सिनोमात ते वाढते हे खरे, पण उपचार सुरू झाल्यावर ते एचसीजीच्या आधी रक्तातून नाहीसे होते. वरवर ही चांगली गोष्ट वाटेल, पण प्रत्यक्षात तिचा अर्थ असा की रोग अजून शिल्लक असताना एसपी-१ 'सर्व ठीक' म्हणू लागते. नवा मार्कर आधीच्यापेक्षा वरचढ असायला हवा. नुसता 'हाही वाढतो' एवढ्यावर त्याला जागा मिळत नाही. गंमत म्हणजे एसपी-१ ची जनुके एकोणिसाव्या गुणसूत्रावर सीईएच्या शेजारी, त्याच कुटुंबात आहेत. सीईए अजूनही आतड्याच्या कर्करोगाच्या पाठपुराव्यात टिकून आहे, भावंड मात्र घरी बसले.

तळेगावकरीण

मी डॉक्टर नाही. चार वर्षांपूर्वी मला द्राक्षगर्भ झाला होता, म्हणून लिहिण्याचे धाडस करते.

गर्भाशय रिकामे केल्यानंतर दर आठवड्याला रक्त द्यायला जावे लागे. डॉक्टरांनी चौकटीच्या वहीत आकडे लिहायला सांगितले होते. माझ्या वहीतले आकडे असे आहेत: ८६,०००, ९,४००, १,१५०, २१०, ४१, आणि मग एकदम ६७. त्या रात्री आम्ही दोघेही झोपलो नाही. सकाळी डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "रक्त नेहमीच्याच ठिकाणी दिलेत का?" दिले नव्हते. पावसामुळे घराजवळच्या दुसऱ्या प्रयोगशाळेत दिले होते. त्यांनी त्याच दिवशी जुन्या ठिकाणी पुन्हा तपासणी करायला लावली, तिथे २३ आला. त्यानंतर ११, आणि मग ५ च्या खाली. पुढे सहा महिने गरोदर राहू नका, अशी ताकीद होती. तेव्हा ती मला क्रूर वाटली होती.

माझा प्रश्न असा आहे की एकच रक्त दोन ठिकाणी वेगळे आकडे कसे देते? आणि दुसऱ्या प्रयोगशाळेने अहवालावर तसे लिहायला नको का?

परीक्षानळी

ताई, वहीतले आकडे इथे दिल्याबद्दल मनापासून आभार. दोन्ही प्रश्नांची उत्तरे देतो.

एचसीजी हा एकच एक रेणू नसतो. अखंड संप्रेरक, सुटी बीटा साखळी, तुटलेले तुकडे, जास्त साखर चिकटलेला प्रकार, असे अनेक भाऊबंद रक्तात एकत्र फिरतात, आणि कोणत्या कंपनीचे प्रतिपिंड यांतल्या कोणाला किती पकडते ते वेगवेगळे असते. निरोगी गरोदरपणात अखंड संप्रेरकाचेच राज्य असल्यामुळे हा फरक फारसा जाणवत नाही, पण अर्बुदाच्या रुग्णात सुट्या साखळ्यांचे प्रमाण वाढू शकते आणि तिथे दोन यंत्रे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. म्हणून कर्करोगाच्या पाठपुराव्यात प्रयोगशाळा बदलू नये आणि बदललीच तर दोन्हीकडे एकदा एकाच दिवशी तपासणी करावी, हा नियम आहे. कोणत्या पद्धतीने तपासले ते अहवालावर छापायला हवे, हे तुमचे म्हणणे अगदी बरोबर आहे. अनेक ठिकाणी ते इतक्या बारीक अक्षरात असते की वाचणाऱ्याला भिंग लागावे.

तुमच्या डॉक्टरांनी एकट्या आकड्याकडे न पाहता उतरणीकडे पाहिले, हे लक्षात घ्या. जागतिक स्त्रीरोग संघटनेचे, म्हणजे फिगोचे निकषही उतरणीचेच आहेत: तीन आठवड्यांत घेतलेल्या चार मोजण्यांत आकडा जागचा हलला नाही, किंवा दोन आठवड्यांत घेतलेल्या तीन मोजण्यांत तो वाढत गेला, तर रोग शिल्लक आहे असे धरतात. एका उडीवर केमोथेरपी सुरू होत नाही.

वाळुंज

सहा महिन्यांच्या ताकिदीबद्दल मी सांगतो. नवा गर्भ राहिला तर एचसीजी पुन्हा चढू लागते आणि ते बाळाचे की उरलेल्या रोगाचे, हे आकड्यावरून सांगता येत नाही. गरोदरपणाचे प्रथिन मार्कर म्हणून वापरायचे तर गरोदरपणच वाटेत आडवे येते. हल्ली आकडा सामान्य झाल्यानंतरचा पाठपुरावा पूर्वीपेक्षा आखूड केला आहे, पण तो चालू असेपर्यंत गर्भनिरोधन आवश्यकच असते.

'शून्यापर्यंत जा' हा धडा या विद्येने फार महाग शिकला आहे. १९५६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत मिन चिऊ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी मेथोट्रेक्सेट या औषधाने पसरलेला कोरिओकार्सिनोमा बरा होतो हे दाखवले. घन अर्बुद केवळ औषधाने बरे होण्याचे ते पहिले उदाहरण मानतात. एक्स-रे स्वच्छ झाला, बाई हिंडूफिरू लागली, तरी लघवीत संप्रेरक दिसते आहे तोवर ली औषध थांबवत नसत. दिसायला बऱ्या झालेल्या रुग्णाला विषारी औषध देतात म्हणून त्यांना संस्था सोडावी लागली. पण पुढे असे दिसले की संप्रेरक पूर्ण नाहीसे होईपर्यंत ज्यांना औषध दिले गेले त्या टिकल्या, आणि ज्यांचे आधीच थांबवले त्यांच्यात रोग उलटला. १९७२ च्या लास्कर पुरस्कारात ली यांचे नाव होते. मार्करचे मूल्यमापन म्हणजे काय, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार? आकड्याने डॉक्टरांचा निर्णय बदलला आणि निर्णयाने रुग्णाचे आयुष्य बदलले.

पाटीपेन्सिल

व्हॉट्सअॅपवर एक निरोप फिरतो की परदेशात लघवी वाळवून पाठवली की एचसीजीवरून कोणताही कर्करोग दोन वर्षे आधी ओळखतात. त्यात तथ्य आहे का?

परीक्षानळी

नाही. ती फिलिपिन्सशी जोडलेली नवारो चाचणी आहे आणि तिची मुळे स्कॉटलंडच्या जॉन बिअर्ड यांच्या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मतात आहेत. त्यांच्या मते सर्व कर्करोग म्हणजे वाट चुकलेल्या वारेच्या पेशी. मूत्राशय, स्वादुपिंड वगैरे काही कर्करोगांत सुटी बीटा साखळी वाढते हे खरे, आणि ज्यांच्यात ती वाढते त्यांच्यात रोग बहुधा अधिक आक्रमक असतो, पण त्यावरून 'सर्व कर्करोग' असे म्हणणे म्हणजे दोन आंब्यांवरून बागेचा हिशेब लावणे आहे.

अनुस्वार

इथे थोडे गणित करू या, कारण पॅकेजवाल्यांचा सगळा व्यवसाय हे गणित न करण्यावर उभा आहे. आकडे समजण्यासाठी मी गृहीत धरतो आहे. समजा, एक लाख स्त्रियांत एखादा कर्करोग ४० जणींना आहे. चाचणी त्यांतल्या ७५ टक्के रुग्ण पकडते आणि निरोगी स्त्रियांपैकी ९८ टक्के जणींना बरोबर निरोगी म्हणते. ऐकायला हे फार छान वाटते. म्हणजे ३० रुग्ण सापडतील, पण ९९,९६० निरोगी स्त्रियांपैकी सुमारे २,००० जणींनाही 'वाढलेले' असा शेरा मिळेल. ज्यांचा अहवाल वाढलेला आला त्यांच्यात खरा रोग असण्याची शक्यता दीड टक्का! उरलेल्या साडेअठ्ठ्याण्णव टक्के बायका सीटी स्कॅनच्या रांगेत.

आता हीच दृष्टी तळेगावकरीण यांच्याकडे वळवा. पूर्ण द्राक्षगर्भानंतर साधारण १५ ते २० टक्के स्त्रियांत रोग टिकून राहतो. तिथे मुळातच शक्यता मोठी आहे, त्यामुळे तीच चाचणी तिथे सोन्यासारखी ठरते.

बीजाशयाच्या कर्करोगासाठी तपासले जाणारे सीए-१२५ हेही पाळीत, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर वाढण्याच्या विकारात) आणि गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत वाढणारे प्रथिन आहे. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचा निकाल २०२१ मध्ये आला. सीए-१२५ च्या चढउतारावर आधारलेल्या तपासणीने काही कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडले, परंतु बीजाशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. लवकर सापडणे आणि वाचणे यांत अंतर आहे, ते असे.

शेवंती

हा धागा वाचून धीर आला, म्हणून विचारते. माझी आई ५८ वर्षांची आहे, पाळी जाऊन आठ वर्षे झाली. अशाच एका पॅकेजमध्ये तिचे बीटा एचसीजी ९ आले आणि कागदावर तो आकडा ठळक लाल अक्षरात आहे. 'ऑन्कोलॉजिस्टना भेटा' असा निरोपही आपोआप आला. सोनोग्राफी स्वच्छ आहे. आई देवघरात बसून राहते. मी काय करू?

वाळुंज

शेवंतीताई, आईंना तपासल्याशिवाय मी निदान करणार नाही, पण त्यांच्या डॉक्टरांना विचारण्यासारख्या तीन गोष्टी सांगतो.

पाळी गेल्यावर मेंदूतल्या पीयूष ग्रंथीवरचा लगाम सुटतो आणि ती एलएच, एफएसएच यांच्याबरोबर थोडे एचसीजीही तयार करते. म्हणून पंचावन्न वर्षांवरील स्त्रियांसाठी १४ पर्यंतची मर्यादा अभ्यासकांनी सुचवली आहे, पण बऱ्याच अहवालांवर अजून सर्वांना एकच ५ ची मर्यादा छापलेली असते. तेव्हा आधी एफएसएच बघावे; ते चढलेले असेल तर एचसीजीही पीयूष ग्रंथीचेच असण्याची शक्यता मोठी. दुसरे, तीच तपासणी काही आठवड्यांनी त्याच यंत्रावर पुन्हा करावी. अर्बुदाचा आकडा सहसा स्थिर बसत नाही. तिसरे, लघवीतही एचसीजी तपासावे. काहींच्या रक्तात असे प्रतिपिंड असतात की ते चाचणीतल्या दोन प्रतिपिंडांना परस्पर जोडून खोटा आकडा दाखवतात. हे प्रतिपिंड लघवीत उतरत नाहीत, म्हणून रक्तात आहे आणि लघवीत नाही असे दिसले की शंका घ्यायची. अर्थात आकडा मुळातच लहान असेल तर लघवीत न दिसण्यावर फार भिस्त ठेवू नये. अमेरिकेत या खोट्या एचसीजीपायी काही स्त्रियांना केमोथेरपी दिली गेली, काहींचे गर्भाशय काढले गेले, आणि त्यांना कर्करोग नव्हताच.

परीक्षानळी

वाळुंज यांना एक जोड. प्रयोगशाळेला नमुना टप्प्याटप्प्याने पातळ करून तपासायला सांगता येते. खरे संप्रेरक असेल तर दुप्पट पातळ केल्यावर आकडा निम्मा होतो. खोटा आकडा असा शिस्तीत वागत नाही. मात्र ९ सारख्या छोट्या आकड्यात ही युक्ती फार उपयोगी पडत नाही, तेव्हा एफएसएचपासूनच सुरुवात करावी. आई केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असतील तर तेही सांगावे; काही यंत्रांच्या मोजणीत ते ढवळाढवळ करते.

शेवंती

उशिरा लिहिते आहे, क्षमस्व. एफएसएच ७२ आले. सहा आठवड्यांनी त्याच प्रयोगशाळेत बीटा एचसीजी पुन्हा केले, ते ८ आले. आमच्या डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले आणि पीयूष ग्रंथीचे आहे म्हणाले, पुढे काही तपासण्या नकोत असे सांगितले. आईने त्या पॅकेजच्या पुढच्या वर्षीच्या नोंदणीचा निरोप स्वतःच्या हाताने पुसून टाकला आणि मला दाखवला.